सहाणेची बाळाकडची बाजू

थांबा, मित्रांनो! हात मागं घ्या. मी एक जुनी सहाण आहे, आणि मला शिवायचं नाही.

लगोरीसाठी चपटे दगड हुडकत तुम्ही या बांधावर आलात, हे कळलं मला. मी भाकरीएवढी वाटोळी, दोन बोटं जाड, काळी कुळकुळीत. लगोरीच्या तळाला याहून चांगला दगड मिळायचा नाही. पण माझ्या अंगावर ही तांबड्या रंगाची फुली दिसते ना? ती कुणी गंमत म्हणून काढलेली नाही. ती का काढली ते आधी ऐका. तोवर जरा लांबच बसा.

मी जन्माची भित्री आहे. दगडाला कसली आलीय भीती, असं म्हणाल. म्हणा बापडे! गुंडा पाथरवटानं मला घडवलं, तेव्हा त्याच्या टाकीच्या प्रत्येक घावाला वाटायचं, झालं, आता माझी दोन शकलं होणार. शकलं झाली नाहीत. वाळू आणि पाणी घालून त्यानं मला आठ दिवस घासलं आणि शिराळ्याला नागपंचमीच्या जत्रेत विकायला मांडलं. तिथं माणसांचे हजार पाय माझ्या कडेनं जात होते. कुणाची ठेच लागली तर काय घ्या, म्हणून मी दिवसभर जीव मुठीत धरून बसले होते.

मला रंगूबाईंनी घेतलं. त्यांनी माझ्यावरून नुसता अंगठा फिरवला आणि म्हणाल्या, "हिला टाकी बारीक लागलीया. हीच दे रं." मिरजेजवळच्या कृष्णाकाठच्या गावाला त्या एसटीनं मला मांडीवर घेऊन आल्या. ड्रायव्हरनं ब्रेक मारला की माझ्या काळजात धस्स व्हायचं.

घर हळदीच्या शेतीवाल्यांचं होतं. घरचंच हळकुंड, घरचंच दूध. सकाळी देवासाठी चंदन उगाळायचं, कुणी पडलं-झडलं तर आंबेहळद, दिवाळीला उटण्यात घालायला कचोरा. आणि सगळ्यात मोठं काम म्हणजे बाळाची गुटी. वेखंड, मुरडशेंग, हळकुंड, जायफळ यांचे माझ्यावर मोजून वळसे द्यायचे, आईच्या दुधात कालवायचं आणि चोचीच्या छोट्या बोंडल्यानं बाळाच्या ओठाला लावायचं.

मला दोन बाजू आहेत. एका बाजूच्या कडेला गुंडानं टाकीची बारीक खाच पाडली होती. खाचेची बाजू बाळाची आणि देवाची. दुसरी बाजू लेपाची, तोंडाला लावायच्या हळदीची, मुकामाराची. काम झालं की कढत पाण्यानं धुवायचं आणि बाळाची बाजू खाली करून फळीवर पालथं ठेवायचं, म्हणजे तिच्यावर धूळसुद्धा बसायची नाही. रंगूबाईंनी हे त्यांच्या सुनेला, मनुबाईला शिकवलं. रंगूबाई गेल्या. मग मनुबाईनं तिच्या सुनेला, क्रांतीला शिकवलं. घरातली रीतच तशी, सासूनं सुनेला सांगायचं. मनुबाईला एक लेकही होती, अंकिता. पण लेक उद्या परक्या घरी जाणार, तिला आपल्या सहाणेचं सांगून काय करायचं? म्हणून अंकिताला कुणीच काही सांगितलं नाही. चूक म्हणाल तर एवढीच झाली.

अंकिता सावळी. लहानपणी गुडघे फोडून यायची आणि आंबेहळद लावताना घर डोक्यावर घ्यायची. मला लय आवडायची ती. तिचं लग्न ऋषिराजशी ठरलं. तो सैन्यात, जम्मूकडं. सुपारी फुटली, सगळं गोडीनं झालं, आणि जाता जाता नवऱ्या मुलाची मावशी बोलून गेली, "पोरगी गुणाची हाय. फकस्त रंगानं जरा डावी हाय."

बोलली आणि गाडीत बसली. अंकिता मात्र त्या रात्री जेवली नाही.

चार दिवसांनी तिनं बाजारातून एक पांढरी डबी आणली. डबीवर हिरव्या पानाचं चित्र आणि 'शंभर टक्के नैसर्गिक' एवढीच अक्षरं. कुणी बनवली, कशाची बनवली, कधी बनवली, चकार शब्द नाही. विकणाऱ्या बाईनं सांगितलं होतं म्हणे, पंधरा दिवसांत चेहरा उजळतो. आता आई ओरडणार, हे अंकिताला ठाऊक होतं. मनुबाईचं म्हणणं ठरलेलं, तोंड गार पाण्यानं धू, उन्हात ओढणी घे, आठवड्यातून एकदा हळद-दूध लाव, पोटभर जेव आणि गुमान झोप. म्हणून पोरीनं युक्ती काढली. दुपारी सगळी माणसं शेतात हळद शिजवायला गेली की ती मला फळीवरून काढायची, हळकुंड उगाळायची आणि त्यातच ती पांढरी मलई कालवायची. पिवळ्या तोंडानं कुणाच्या नजरेला पडली तरी वाटावं, पोरगी हळदच लावतीया.

आणि मित्रांनो, ती मला उलटी करायची! वरच्या लेपाच्या बाजूवर जुने डाग होते. खालची बाजू स्वच्छ दिसली, म्हणून तिनं खाचेच्या बाजूवर, बाळाच्या बाजूवर ते कालवलं. मग गार पाण्याचा एक हबका मारायचा आणि मला परत पालथं ठेवायचं. मलईचा ओशट थर माझ्या अंगात मुरत चालला होता. त्याला गुलाबाचा वास होता, पण त्या वासाच्या तळाशी काहीतरी कडू, धातूसारखं होतं. मी दगड आहे, मला धातूची ओळख आहे. माझी पाचावर धारण बसली.

तेव्हा घरात बाळ नव्हतं, तेवढंच नशीब. क्रांती पाच महिन्यांच्या शिवतेजला घेऊन वाईला माहेरी गेली होती.

इकडं अंकिता खरंच उजळली. शेजारच्या हरणाबाई आल्या आणि हनुवटीला हात लावून म्हणाल्या, "आगं बया! काय लावतीस गं तोंडाला?"

मनुबाईची छाती फुगली. "आमच्या रानातली हळद आन् आमच्या सासूबाईंची सहाण! दुसरं काय न्हाई."

हरणाबाईंनी मला नमस्कार केला. नमस्कार, मला! आयुष्यात इतकं कौतुक कधी झालं नव्हतं, आणि इतकी लाजही कधी वाटली नव्हती. अहो बाई, मी काही केलेलं नाही, असं ओरडावंसं वाटत होतं. पण मोठ्या माणसांना ऐकू जाईल असं तोंड मला कुठं आहे? उगाळताना होते ती खरखर, तेवढाच माझा आवाज.

तिसऱ्या आठवड्यात अंकिताचे गाल लाल व्हायला लागले. चुलीपुढं बसली की आग आग व्हायची. मग सकाळी पापण्या सुजायच्या. मग पाय. चपलेचा पट्टा रुतायचा, म्हणून ती बापाच्या स्लिपरा घालून हिंडायची. "लग्नाचं जागरण हाय, दुसरं काय," असं ती आईला सांगायची. डबी थांबवावी असं तिला वाटत होतं, मी बघत होते. एकदा तिनं ती उकिरड्यापर्यंत नेली. पण एक दिवस लावली नाही तर चेहरा आधीपेक्षा काळवंडायचा, म्हणून ती परत लावायची. आरशापुढं रडायची आणि लावायची.

आणि एका संध्याकाळी मनुबाई फोन ठेवून हसत म्हणाली, "परवा आयतवारी क्रांती येतीया. माझा तेजू येतोय गं!"

मी फळीवर पालथी पडले होते. माझ्या पोटाखाली विष होतं आणि दोन दिवसांनी त्याच पोटावर बाळाची गुटी उगाळायची होती. ते दोन दिवस मी कसे काढले, विचारू नका. फळीवरून पडावं आणि फुटून जावं, असंही मनात आलं. मी, जी सगळा जन्म फुटायला भ्यायले, ती फुटायची वाट बघत होते. पण दगड हलत नाही हो आपल्या मनानं.

रविवारी शिवतेज आला. गुटगुटीत, मुठी चोखणारा. प्रवासानं त्याचं पोट बिघडलं होतं. क्रांतीनं पदर खोचला, मला फळीवरून काढलं, नीट खाच बघितली आणि बाळाची बाजू वर केली. बिचारीनं सगळं रीतीप्रमाणं केलं. कढत पाणीही ओतलं. पण महिनाभर मुरलेलं एका पाण्यानं जातंय कुठं? तिनं दुधाचे थेंब टाकले आणि हळकुंड फिरवायला घेतलं. एक वळसा. दोन. तीन. अंकिता तापानं आतल्या खोलीत झोपली होती. मनुबाई अंगणात शिजलेली हळद पसरत होती.

हळकुंड घसरत होतं. माझ्यावर ते धरतच नव्हतं.

"आवं आत्या," क्रांतीनं आतूनच हाक मारली, "सहाण लय गुळगुळीत झालीया. टाकी लावून आणाय पायजे."

"कालपरवा तर बरी हुती," मनुबाई बाहेरून म्हणाली आणि हात थांबवून ऐकत राहिली. तीस वर्षं तिनं माझी खरखर ऐकली होती. आज काहीच ऐकू येईना. क्रांतीनं दुसरी मुळी घेतली. तरी आवाज नाही. तिनं जेवढं उतरलं तेवढं बोंडल्यात घेतलं, बाळाला मांडीवर आडवं केलं. शिवतेजनं वासरागत तोंड उघडलं. बोंडल्याची चोच त्याच्या ओठापाशी आली. मला वाटलं, आता माझ्या डोळ्यांदेखत हे पोर जाणार आणि नाव माझ्यावर येणार.

"थांब गं!"

मनुबाई पिवळ्या हातांनीच आत आली. तिनं माझ्यावरून अंगठा फिरवला, जत्रेत रंगूबाईंनी फिरवला होता अगदी तसाच. अंगठा सरकन घसरला. तिनं तो नाकाशी नेला. गुलाबाचा वास! पुढच्या क्षणी तिनं क्रांतीच्या हातातलं बोंडलं असं उडवलं की ते थेट भिंतीवर आपटलं.

"माझ्या सहाणंवर काय उगळलंय? कुनी उगळलंय?"

दारात अंकिता उभी होती, चौकटीला धरून. तोंड सुजलेलं. ती मटकन खाली बसली आणि म्हणाली, "आये, मी. मला म्हाईत नव्हतं ती बाळाची बाजू हाय. आईशप्पत, मला कुनी सांगितलंच न्हाई."

मनुबाई मारेल असं वाटलं. पण तिनं लेकीचा पाय हातात घेतला, बोटानं दाबला. पडलेला खड्डा भरून येईना. तेव्हा ती घाबरली. रागातून भीतीत गेलेला माणसाचा चेहरा मी तेव्हा जवळून पाहिला.

तासाभरात सगळे मिरजेच्या दवाखान्यात. क्षमा डॉक्टरीणबाईंनी डबी मागवली, आणि मलाही पिशवीत घालून न्यायला सांगितलं. म्हणून पुढचं मला ठाऊक आहे. बाळाच्या ओठाला काही लागलं नव्हतं, तरी त्यांनी त्याला तपासलं. तो ठीक होता. अंकिता ठीक नव्हती. तपासणीत डबीतल्या मलईत पारा निघाला. तो कातडीतून आत शिरून मूत्रपिंडाला भिडला होता.

"अजून महिनाभर लावली असती तर अवघड होतं," बाई म्हणाल्या. "आता औषधं घे, बरी होशील. वेळ लागेल."

मनुबाई म्हणाली, "आमी तर नुसती हळदच लावतो ओ, बाई."

"मावशी, हळद लावा, पण तीसुद्धा आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून बघायची. एखाद्याला ती पण सोसत नाही. आणि हळदीनं कुणी गोरं होत नाही. कातडी निरोगी राहिली की पुष्कळ झालं. बाळाला तर माझ्याशी बोलल्याशिवाय गुटी देऊच नका." मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. "आणि ही सहाण यापुढं वापरायची नाही. ती कितीही धुतली तरी नाही."

मनुबाईनं मला परत पिशवीत घातलं. दुसरं काय करणार?

लग्न चार महिने पुढं गेलं. ऋषिराजला सगळं कळवलं, तेव्हा फोनवर तो अंकिताला म्हणाला, "मी बायकू बघितली हुती, ट्यूबलाइट न्हाई. आदी बरी हो." त्यावर ती पहिल्यांदा हसली. मावशीला त्यानं काय सुनावलं ते आम्हाला कळलं नाही, पण हळदीच्या दिवशी त्या बाई एकदम गप्प होत्या.

हळद लागली तेव्हा अंकिता पुन्हा तिच्या रंगाची झाली होती. हळद नव्या सहाणेवर उगाळली. त्या सहाणेच्या दोन्ही बाजू कोणत्या, हे मनुबाईनं क्रांतीला तर सांगितलंच, पण लेकीलाही समोर बसवून सांगितलं. ते ऐकून मला बरं वाटलं.

मला पोत्यात गुंडाळून अंकिताच्या बापानं, हंबीररावांनी, या बांधावर बाभळीखाली ठेवलं. त्याआधी अंकितानं तांबड्या रंगाचा डबा आणला आणि हातमोजे घालून माझ्या दोन्ही बाजूंना फुली काढली. शिवतेज रांगत आला आणि माझ्याकडं हात पसरला. तिनं त्याला झटकन उचललं. "नगं रं सोन्या. तिला माझ्यापायी बाधलंय."

मित्रांनो, परवा कुत्र्यांनी ते पोतं फाडलं. तेव्हापासून माझ्या डोळ्याला डोळा नाही. पाऊस आला तर फुली पुसेल. कुणी बाई म्हणेल, काय झ्याक सहाण पडलीय, आणि पदराआड घरी नेईल. तिच्या घरी एखादं बाळ असेल.

म्हणून माझं एक काम करा. मला शिवू नका, पण आत्ता पळत जा आणि मनुबाईला सांगा, पोतं फाटलंय. त्यांना म्हणावं, खोल खड्डा काढा आणि भुताला बाटलीत बंद करून पुरतात तसं मला बंद करून पुरा. जाताजाता घरी ताईच्या, आईच्या फळीवर नाव-गाव नसलेली एखादी डबी दिसली, तर तीही त्यांच्या हातातून काढून घ्या. रागावतील. रागावू द्या.

मी भित्री आहे, हे सुरुवातीलाच सांगितलं. पण मातीत जायची भीती मला वाटत नाही. फक्त लवकर जा. तिकडून गवताचा भारा घेऊन कुणीतरी बाई येतीय, आणि ती माझ्याकडंच बघतीय.