आठवी आसरा

सुहासराव कॉलेजातून निवृत्त झाले आणि त्यांनी जगातल्या झाडून सगळ्या देवदूतांची, पऱ्यांची, जलदेवतांची जंत्री करायला घेतली. चार वर्षांत ती तीनशे पानांवर गेली. ज्यू लोकांचे देवदूत झाले, अरबांचे जिन्न झाले, रडून मरणाची वर्दी देणाऱ्या आयर्लंडच्या भुतिणीही झाल्या.

"अहो, आयर्लंडच्या भुतिणी आल्या, मग आपल्या साती आसरा कुठे राहिल्या?" विजयाबाईंनी एकदा पानं चाळत विचारलं.

राहिल्या होत्या खऱ्या. सुहासराव दुसऱ्याच दिवशी स्कूटर काढून राहुरीजवळच्या एका वस्तीवर गेले. विहिरीच्या काठी आसरांचे शेंदूर माखलेले दगड होते. त्यांनी मोजले. आठ. चष्मा पुसून पुन्हा मोजले. आठच! सात ओळीत, आठवा जरा बाजूला, आणि शेंदूर सगळ्यांत जास्त त्याच्यावर. आसरांचा भाऊ म्हसोबा म्हणावा, तर तो पलीकडे लिंबाखाली निराळा बसलेला.

सुहासरावांनी मनातल्या मनात जंत्रीची पानं उलटली. ग्रीकांच्या सात बहिणी आकाशात तारे झाल्या आणि त्यांतली एक हरवली, हे त्यांनीच लिहून ठेवलं होतं. ती वाट चुकून राहुरी तालुक्यात येऊन या सातजणींत मिसळली, याबद्दल त्यांना तिळमात्र शंका उरली नाही. विचारायला जवळपास कुणी नव्हतं. असतं तरी त्यांनी विचारलं नसतं. प्राध्यापकानं सांगायचं असतं, विचारायचं नसतं, ही तीस वर्षांची खोड. जन्मभर नास्तिक म्हणून मिरवलेल्या या गृहस्थानं इकडेतिकडे बघून चपला काढल्या आणि आठवीला नमस्कारही करून टाकला.

मग नगरच्या एका वाचनालयात या आठवीवर त्यांचं व्याख्यान झालं. एका स्थानिक पेपरात फोटोसह बातमी आली. चौथ्या दिवशी वस्तीवरून वैजनाथ नावाच्या एका तरुणाचा फोन आला, "सर, आमच्या आजीला तुमाला भेटायचंय. आसरांची पूजा तीच करती."

सत्कार असणार, म्हणून सुहासराव इस्त्रीचा झब्बा घालून, विजयाबाईंना सोबत घेऊन निघाले.

वैजनाथची आजी, भागूबाई, विहिरीपाशीच बसली होती. तिनं त्यांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आठवी शोधनारे सर तुमीच का?"

"हो, मीच," सुहासराव नम्रपणे म्हणाले.

"आवं, त्यो माझा हात पुसायचा दगड हाय. सातीजनींना शेंदूर लावला का बोटाला उरतो. लुगडं खराब नगं म्हून तितं पुसते. चाळीस वरसं झाली."

विजयाबाईंनी तोंडाला पदर लावला. पण खांदे हलायचे ते हललेच. सुहासरावांना आधी विहीर जवळ करावीशी वाटली, मग त्यांनाही हसू फुटलं.

"आजी, मी त्याला नमस्कार केला हो!"

"तुमी एकलेच न्हाई. परवा बेलापूरच्या बाया त्याची वटी भरून गेल्या."

"मग तुम्ही त्यांना सांगितलं नाही?"

"सांगितलं की! तर मलाच म्हंत्यात, आजे, तुला काय कळतंय? नगरच्या सरांनी पेपरात लिवलंय."

तेवढ्यात आणखी दोघी नारळ घेऊन आल्या. सुहासराव लगबगीनं पुढे झाले. "बाई, ही देवी नाही. पेपरातले ते सर मीच. माझी चूक झाली."

त्यातल्या थोरलीनं त्यांच्याकडे दयेनं पाहिलं. "असू द्या, बाबा. ते सर लई शिकलेले दिसत हुते फोटुत." आणि आठवीपुढे तिनं नारळ फोडला.

"आता मी हात कुटं पुसू?" भागूबाईनं विचारलं.

 कुठल्या देशाचा दाखला देण्याऐवजी सुहासरावांनी खिशातला रुमाल काढून दिला.

पेपरानं खुलासा छापला, पण शेवटच्या पानावर, चार ओळींत. तो कुणी वाचला नाही. ग्रंथातून मात्र सुहासरावांनी ती नोंद काढली नाही. विजयाबाईंसमोर बसून त्यांनी ती नव्यानं लिहिली: "आठवी आसरा. स्थान: राहुरी तालुका. वय: दोन महिने. जन्मदाता: प्रस्तुत लेखक."