क्वीवा नावाचा वरवंटा

मित्रांनो, त्या मुलीला शेवटी सगळे बेबी म्हणू लागले.

हे वाक्य तुम्ही वाचलंच नाही असं धरून चाला. मीही ते सांगितलेलं नाही. आमच्या घरातही तसं काही झालंच नाही असं धरून चालतात आणि त्यांचं अगदी छान चाललं आहे. तर आता रीतसर सुरुवात करतो.

मी एक जुना पाळणा आहे. सागवानी. बदलापूर गावातल्या कोंडाजी सुतारांनी मला घडवलं आणि माझ्या कठड्यावर चार लाकडी राघू बसवले. त्यातल्या एकाचं डोकं हिरामणने दात आल्याबरोबर चघळून संपवलं. हिरामण हा माझ्यात झोपलेला पहिला माणूस. त्याच्यामागून त्याची बहीण मोतीबाई झोपली. पुढे हिरामणचे दोन मुलगे झोपले, प्रीतम आणि भूपेश. तेव्हा बेलवलीला या घराची भातशेती होती. मला तुळईला टांगलेलं असायचं, आणि येणारी प्रत्येक बाई आधी मला झोका द्यायची, मग पाणी मागायची. कौतुक म्हणतात ते हेच असावं. मला तेव्हा वाटायचं की ते कायमचं असतं.

मग शेतावर बिल्डिंगी उगवल्या. हिरामणला हेंद्रेपाड्यात फ्लॅट मिळाला. इमारतीचं नाव ऑलिव्ह ब्रिज व्हिस्टा. तिथे ऑलिव्ह नाही, ब्रिज नाही, आणि व्हिस्टा म्हणजे काय हे बिल्डरलाही ठाऊक नसावं. पण मित्रांनो, हे नाव घेताना आजवर कोणाची जीभ अडखळलेली मी ऐकली नाही. रिक्षावाला, दूधवाला, हिरामण, सगळे घडाघडा म्हणतात. एवढं फक्त लक्षात ठेवा. मी गेलो माळ्यावर. माझ्या पोटात आकाशकंदील, कूलरचं गवत आणि न वापरलेला एक ट्रेडमिलचा पट्टा ठेवण्यात आला.

प्रीतम औषधांच्या कारखान्यात केमिस्ट होता. तो बायकोला, म्हणजे तेजलला, घेऊन आयर्लंडमधल्या कॉर्क गावी नोकरीला गेला आणि काही वर्षांनी परत आला. इथे त्यांना मुलगी झाली. मला खाली काढण्यात आलं. आणि तेजलने सांगितलं की मुलीचं नाव क्वीवा ठेवायचं. तिकडचं नाव आहे.

 मग हिरामणने अगदी मनापासून विचारलं, "किंवा? मग दुसरं नाव कोणतं?"

भूपेश जमिनीचे व्यवहार करतो. तो म्हणाला, की उद्या सातबाऱ्यावर हे नाव चढवायला गेलो तर तलाठी मलाच वेड्यात काढेल. सोसायटीच्या सेक्रेटरीने ते व्हिटॅमिनचं नाव समजून कुठल्या वेळेला घ्यायचं ते विचारलं. उल्हासनगरचा पत्रिकावाला सगळ्यांत सभ्य निघाला. "साईं, मैं छाप तो दूँगा," तो म्हणाला, "पढ़ेगा कौन?"

हे नाव का, असं मात्र कोणीच विचारलं नाही.

आता आमच्याकडची रीत सांगतो. नाव कोणीही ठरवो, बाळाच्या कानात ते पहिल्यांदा सांगायचं आत्याने. तोवर ते नाव नसतं, नुसता विचार असतो. आत्या कानाशी वाकते, नाव सांगते आणि मागून बायका तिच्या पाठीत धपके घालतात. त्याआधी बाळाच्या जागी वरवंट्याला कुंची घालून पाळण्यात निजवतात. म्हणजे घरातल्या प्रत्येक माणसाच्या आधी तो एकच वरवंटा माझ्यात झोपून गेला आहे. त्याला याचं काहीच वाटत नाही. तो चटणीही तितक्याच शांतपणे वाटतो.

प्रीतमला बहीण नाही. म्हणून मान मोतीबाईचा, म्हणजे त्याच्या आत्याचा. प्रीतमचं नाव तिनेच त्याच्या कानात सांगितलं होतं आणि भूपेशचंही. बारशाच्या आधी ती बेलवलीहून आली, पदर खोचला आणि माझ्या पितळी साखळ्या चिंचेने घासायला बसली. तेजल बाळाला मांडीवर घेऊन शेजारी होती.

"पोरी, यो नाव तुला कुठं गावला?" मोतीबाईने विचारलं. वर न बघता.

तेजलने सांगितलं. कॉर्कमध्ये तिचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. प्रीतम कारखान्यात, शिफ्टवर. शेजारी एक म्हातारी एकटी राहायची. ती रोज सूपचं पातेलं घेऊन यायची, भांडी घासायची आणि बसून राहायची. इंग्रजी दोघींना जमत होतं, पण बोलण्यासारखं काही नव्हतं. त्या म्हातारीचं नाव क्वीवा.

"गेल्या वर्षी ती गेली, आत्याबाई. तिच्यामागं कोणीच नाही. तिचं नाव घेणारं जगात कोणी उरलं नाही."

मोतीबाईने साखळी खाली ठेवली. "मंग मना शिकव," ती म्हणाली.

मित्रांनो, सुरुवातीला मोतीबाईच्या तोंडून जे निघालं ते ऐकून माझे उरलेले तीन राघू दचकले. तेजल तर हसून हसून रडली, की रडून हसली, ते मला माझ्या जागेवरून दिसलं नाही. पण मोतीबाईने पिच्छा सोडला नाही. तांदूळ निवडताना, लसूण सोलताना, कठड्याला तेल चोळताना, ओठांतल्या ओठांत तेच. आणि बारशाच्या आदल्या दुपारी, तेजल बाळाला घेऊन आतल्या खोलीत झोपली असताना, मोतीबाईने स्वयंपाकघरातून वरवंटा आणला. टॉवेलात गुंडाळून माझ्यात निजवला. इकडेतिकडे पाहिलं, वाकली आणि म्हणाली,

"क्वीवा."

स्वच्छ. भांड्यावर भांडं ठेवल्यासारखं. मग पाठीत धपका घालायला कोणी नव्हतं, म्हणून तिने हात मागे वळवून स्वतःच स्वतःच्या पाठीत एक घातला. वरवंटा जागेवर नेऊन ठेवला. कोणी पाहिलं नाही. मी सोडून.

दुसऱ्या दिवशी बारसं हॉलमध्ये होतं. माझ्यावर प्लास्टिकची फुलं चढवली. भूपेशने मोबाईल, ट्रायपॉड, डीजे आणि थेट प्रक्षेपणाची सोय केली होती. कॉर्कमधले प्रीतमचे साहेबही बघणार होते. पाहुणे यायच्या आधी दोघे भाऊ माझ्याजवळ उभे राहून हळू आवाजात बोलले.

"भाई, आत्याला नाय जमणार. लाइव्ह आहे. एकदा चुकलं ना, पोरीच्या लग्नापर्यंत रील फिरेल. मोबाईल बोलेल कानात. त्यांच्याच उच्चारात, एकदम परफेक्ट."

"आत्याला विचारलंस?"

"विचारायचं काय? तिचं टेन्शन हलकं केलं."

प्रीतम मान हलवून निघून गेला. त्याचा अर्थ भूपेशने हो असा घेतला. तो चुकीचा नव्हता.

वेळ आली तेव्हा आत्याला द्यायची मानाची साडी ट्रायपॉडला नेसवण्यात आली. पदरबिदर काढून. हॉल हसला. मोतीबाई हसली. कोणीतरी ओरडलं, नव्या आत्याला कुंकू लावा, तेव्हा तीच पुढे झाली आणि मोबाईलला हलक्या बोटाने कुंकू लावून मागे जाऊन बसली. मग भूपेशने बटण दाबलं. मोबाईलने बाळाच्या कानात प्रथम घरबसल्या पर्सनल लोन मिळेल असं सांगितलं. जाहिरात संपून नाव आलं, तोवर डीजेवाल्याला वाटलं की झालं, आणि त्याने ढोल सोडले. बायकांनी ट्रायपॉडच्या पाठीत धपके घातले. ट्रायपॉड पडला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

तेजलने गर्दीतून मोतीबाईकडे पाहिलं. तिला वाटलं, आत्याबाईंनी ऐन वेळी कच खाल्ली. मोतीबाईने तेजलकडे पाहिलं. तिला वाटलं, पोरीचा आपल्यावर भरवसा नव्हता. दोघींनी एकमेकींना समजून घेतल्यासारखी मान हलवली. साडीची घडी करून ती शेवटी मोतीबाईलाच देण्यात आली. चार लोकांत नाही म्हणता येत नाही, म्हणून तिने ती घेतली.

ढोलांत नाव पाहुण्यांना ऐकू आलं नव्हतं आणि घरच्यांना ते म्हणता येत नव्हतं. पुन्हा विचारायची सगळ्यांना लाज वाटली, म्हणून सगळ्यांनी बेबी म्हणायचं ठरवलं, कोणीही न ठरवता. वॉचमन बेबी, हिरामण बेबी, भूपेश बेबी डॉल. एका सकाळी दुधाचं पातेलं उतू जात असताना तेजलच्या तोंडून "बेबी, मागे हो" असं निघालं. तिने गॅस बंद केला आणि ओटा पुसून झाल्यावरही पुसतच राहिली. मुलगी आता बोलते. नाव विचारलं की ठणकावून बेबी म्हणते.

मी आता गॅलरीत असतो. माझ्यात कांदे असतात. मोतीबाई सणासुदीला येते, मुलीला बाय म्हणून हाक मारते, नाव घेत नाही. पण स्वयंपाकघरात कोणी नसलं की ती पाट्यापाशी बसते. गॅलरीचं दार उघडं असतं, म्हणून मला ऐकू येतं.

"क्वीवा," ती वरवंट्याला म्हणते, "बरी हाईस ना बाय?"

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असं मी तुम्हाला सांगायला हवं. सांगितलं. आता माझा अर्ज तेवढा पुढे पाठवा. कोणाकडे पाठवायचा ते मला माहीत नाही.

विषय : नावाचा फेरफार करून मिळणेबाबत.

महोदय, वरील विषयान्वये कळविण्यात येते की, "क्वीवा" हे नाव बारशाच्या आदल्या दुपारी, आत्याच्या मुखातून, कानात सांगून व पाठीत धपका घेऊन, रीतीप्रमाणे एका वरवंट्यास देण्यात आलेले आहे. सदर वरवंट्याची हे नाव सोडण्यास हरकत नाही. तरी ते सदर मुलीच्या नावे वर्ग करण्यात यावे. ट्रायपॉडची आत्या म्हणून झालेली नेमणूक पूर्वलक्षी प्रभावाने रद्द समजण्यात यावी. आणि श्रीमती मोतीबाई यांना, घरात शांतता असताना, सर्व मोबाईल बंद ठेवून, त्या मुलीच्या कानापाशी एकदा वाकण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

कांदे मी तेवढ्यापुरते बाजूला काढून ठेवीन.