पिल्लाच्या अंथरुणातला ब्रश

मित्रांनो, मी कुत्र्याचे केस विंचरायचा एक जुना लाकडी ब्रश आहे. माझे चार दात पडले आहेत आणि एक कोडं मला अजून उलगडलेलं नाही.

दहा वर्षं मी या घरातल्या थोरल्या कुत्र्याची सेवा केली. मी नुसता दिसलो तरी तो आपणहून आडवा व्हायचा. तो गेला आणि मी खणात गेलो. मग एके दिवशी खण उघडला. घरात एक झिपरं पिल्लू आलं होतं. वाटलं, देवाला आपली आठवण झाली!

घरातल्या मावशीने पिल्लाला मांडीत घट्ट धरलं आणि जुन्या सवयीने मला त्याच्या कानामागच्या केसांच्या गाठीतून सरळ ओढलं. ते किंचाळलं, तिच्या साडीवर शू करून पलंगाखाली पळालं.

"अगं, थोरल्याला तर किती आवडायचं!" मावशी रडवेली झाली.

"तो थोरला होता गं. हे कालचं पोर," तिची आई म्हणाली.

तोच हात, तेच दात. मग माझं चुकलं कुठे?

गाठ आवळत गेली. पिल्लू मान वाकडी करून चालू लागलं. शेवटी कुत्र्यांचे केस कापणाऱ्या बाई आल्या.

"आठवडाभर बघू. नाहीच जमलं तर यंत्राने भादरावं लागेल, मग हे पिल्लू माणसाच्या हातालाच भिईल. ब्रश जमिनीवर ठेवा. वापरू नका."

वापरू नका? मग मी कशाला?

मी जमिनीवर पडून राहिलो. पिल्लाने मला हुंगलं, त्याला खाऊ मिळाला. माझी मूठ चावली, तरी खाऊच! मग मावशी मला उलटा धरून माझी गुळगुळीत पाठ त्याच्या अंगावरून फिरवू लागली. दातांचा जन्म माझा, आणि काम पाठीला!

सहाव्या दिवशी तिने मला सुलटा केला. केस मुळाशी चिमटीत धरले, म्हणजे कातडी ओढली जाणार नाही, आणि टोकाकडून एकेक केस मोकळा केला. जरा झालं की थांबायची. दुसऱ्या दिवशी गाठ सुटली. पिल्लाने चक्क जांभई दिली.

"बघ, मान सरळ झाली!" मावशी हळूच म्हणाली.

आज सकाळी सगळे मला शोधत होते. मी पिल्लाच्या अंथरुणात होतो, त्याच्या हनुवटीखाली.

दहा वर्षं राबून जे मिळालं, ते नुसतं पडून राहून कसं मिळालं? मला खरंच कळत नाही. पण मित्रांनो, कोवळ्या जीवाला हात लावण्याआधी त्याला तुमच्याकडे येऊ द्या. आणि एक विनंती, मला परत खणात ठेवू नका. मूठ चावून संपली तरी चालेल.