सोंगामागची काच

मित्रांनो, मी एक जुनी गाडी आहे, पण माझा खरा चेहरा तुम्ही कधी पाहिलेला नाही. एका बड्या कंपनीची उंच, महागडी, ऐटबाज गाडी नव्या रूपात येणार होती. ते रूप आधी खड्ड्यांत आणि चिखलात घासून बघण्यासाठी मला तयार केले. काचेवर सात हा आकडा चिकटवला आणि तेवढ्यावर माझे नामकरण उरकले.

मला सोंग चढवण्याचे काम एका ताईकडे होते. फोटोत माझा आकार कळू नये म्हणून ती माझ्या अंगभर काळ्या-पांढऱ्या वेटोळ्यांची पट्टी चिकटवत असे. मागच्या बाजूला तिने फोमचे जाड उंचवटे लावले होते. त्यांच्याखाली माझी रुंद काच झाकली गेली आणि चार बोटे उंचीची फट तेवढी उरली. मागे काही आले की वाजणारे सेन्सर फोममुळे उगाचच सारखे कोकलत, म्हणून तेही बंद करून टाकले होते. मागचे दाखवायला उरला एकटा कॅमेरा. मला चालवणारे मामा वयाने सगळ्यांत मोठे, म्हणून सगळ्यांचेच मामा. मागे कुणाला तरी उभे केल्याशिवाय ते मला कधी मागे घेत नसत.

एके दिवशी झुडपात दडलेल्या फोटोवाल्याने मला टिपले आणि अंदाजांना नुसता ऊत आला. दिवे असे असतील, नाक तसे असेल! एका मासिकाच्या चित्रकाराने तर माझे अख्खे चित्रच काढले. त्या शहाण्याला फोमची फट हीच खरी काच वाटली. चित्र लोकांना भलतेच आवडले. इवलीशी काच, काय तो रुबाब!

गाडीचा आकार ठरवणाऱ्या मॅडम ते चित्र घेऊन शेडमध्ये आल्या.

"लोकांना हेच हवंय. परवा संचालकांची बैठक आहे. मागची काच एवढीच ठेवायची."

"अहो मॅडम, ते सोंग आहे," मामा म्हणाले. "खरी काच त्याच्या आड आहे."

"कॅमेरा आहे ना, मामा."

"आणि कॅमेऱ्यावर चिखल बसला की?"

"तुमचा काळ वेगळा होता," असे म्हणून मॅडम निघून गेल्या. मला रडू येत होते, पण गाडीला कोण विचारतो? माझी काच गेली असती तर माझ्यामागून येणाऱ्या हजारो गाड्या तशाच अर्ध्या आंधळ्या निघाल्या असत्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी चिखल तुडवून परतले होते आणि शेडकडे पाठ करून दारात उभी होते. ताई माझ्या मागे उकिडवी बसून बंपरची निघालेली पट्टी चिकटवत होती. तेवढ्यात पहारेकऱ्याची शिट्टी वाजली. कुंपणाच्या भिंतीवर फोटोवाल्याचा कॅमेरा दिसला होता.

"मामा, आत घ्या! लवकर, मागे घ्या!" समोरून धावत येत मॅडम ओरडल्या.

मामा धावत येऊन बसले. कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता तपकिरी चिखल. आरशात फट, आणि फटीत शेडचे छप्पर. ताईचा तळवा मला बंपरवर जाणवत होता. थांबा मामा, ती इथे आहे! पण मला वाचा कुठली? मामा घुटमळले.

"अहो, बघता काय? घ्या ना!"

मामांनी मागचा गिअर टाकला. मी वीतभर सरकले. माझ्या चाकाखाली काहीतरी कडकन मोडले आणि ताई किंचाळली. मामांनी ब्रेक दाबला.

पट्टीचा रोल चिरडला होता. ताई बाजूला पडली होती. तिचे कोपर सोलले होते, पण ती शाबूत होती. "चूक माझीच. मी उतरून बघायला हवं होतं," एवढे मामा ताईला म्हणाले. मग त्यांनी किल्ली मॅडमच्या हातात दिली.

"आता तुम्ही बसा. आणि ताई कुठं आहे ते सांगा."

मॅडम बसल्या. ताई पुन्हा माझ्या बंपरमागे जाऊन उकिडवी बसली. मॅडमनी आरसा वर केला, खाली केला, पडदा बोटाने पुसला. मान वळवून फटीतून पाहिले.

"ताई, आहेस ना गं मागे?" त्यांचा आवाज अगदी बारीक झाला होता.

"इथंच बसलेय, मॅडम. तुमच्या बरोब्बर मागे."

मॅडम उतरल्या आणि त्यांनी स्वतःच्या हातांनी माझा फोम ओरबाडून काढला. भिंतीवरचा कॅमेरा टिपत होता तरी त्या थांबल्या नाहीत. बैठकीत त्या चित्राबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. रुंद काच कायम राहिली.

मित्रांनो, चाचणीच्या गाड्या विकत नाहीत, मोडीत काढतात. मी आता त्याच रांगेत उभी आहे. माझी तक्रार नाही. एवढेच मागते, की गाडी कितीही भारी असो आणि घाई कितीही असो, मागे घेण्याआधी एकदा उतरून मागे बघा. आम्हाला दिसले तरी सांगता येत नाही.

नवी गाडी आता रस्त्यावर आली आहे. अंदाज बांधणारे अजून नाक मुरडतात. म्हणतात, चित्रातली गाडी छान होती, ही मागची काच फारच मोठी झाली. म्हणू देत. त्या काचेतून खाली बसलेले माणूस दिसते.