पडद्याआडची मुलगी

मी टीव्ही बोलतोय, बुरुलबाईंचा. नारीन शहराच्या बाजारातून रजईत गुंडाळून त्यांनी मला या डोंगरातल्या गावात आणलं, ते केवळ प्रेमाच्या सिनेमांसाठी.

दुपारी घोडीचं दूध काढून झालं की शेजारणी जमायच्या. नायिका ‘नाही’ म्हणायची आणि नायक मुकाट मागे फिरायचा. तिथे सगळ्या हुंदके देत रडायच्या.

“असा कुठं असतो का पुरुष?” बुरुलबाईंच्या सासूबाई, कुल्यायम, नाक पुसत म्हणायच्या. जमलेल्यांतल्या बहुतेकींना तरुणपणी लग्नासाठी पळवूनच आणलेलं.

एके दिवशी दारात गाडी कचकन थांबली. बुरुलबाईंच्या मुलानं, तिलेकनं, दोस्तांना घेऊन एका मुलीला उचलून आणलं होतं. मेरिम तिचं नाव. कोपऱ्यात पडदा टांगून तिला माझ्या शेजारीच बसवलं.

डोक्याला पांढरा रुमाल बांधला की लग्न ठरलं. बायका रुमाल पुढे करत, ती भिरकावून देई.

“बांधून घे गं. आम्हीही रडलो होतो. होते सवय.”

“मला घरी जाऊ द्या, काकू! मी त्याला ओळखतही नाही.”

ती दाराकडे धावली. तोच कुल्यायम उंबऱ्यावर आडव्या झाल्या. म्हातारीला ओलांडणारीचं वाटोळं होतं, असं आमच्याकडे सगळेच मानतात. मेरिम मागे सरली. परत पडद्याआड गेली.

मी बंद होतो. माझ्या काळ्या काचेत रुमाल धरलेले हात जवळ येताना दिसले. वाटलं, आता हीसुद्धा जन्मभर दुपारी माझ्यासमोर रडत बसणार.

बुरुलबाईंनी तो रुमाल काढून घेतला. “करशील लग्न माझ्या तिलेकशी?”

“नाही.”

“अगं, असं विचारतात का कधी?” कुणीतरी हसलं.

“आत्याबाई, उठा उंबऱ्यावरून.”

“घराचं नाक कापशील, बुरुल!”

“उठा म्हणते ना!” बुरुलबाईंनी मेरिमचा हात धरला आणि तिला तिच्या घरी पोचवायला निघाल्या.

“या डबड्यानं आईचं डोकं फिरवलं!” तिलेकनं किटली फेकली. माझी काच तडकली.

आता मी मेंढ्यांच्या गोठ्यात पडून आहे. घरात नवा टीव्ही आलाय. दुपारी सिनेमा बघणाऱ्या बायकांचे हुंदके ऐकू येतात. पण बाहेर गाडी वाजली की आत कुणी ओरडतंय का, ते मी कान देऊन ऐकतो.

तुम्हाला कधी अशी गाडी दिसली, आत कुणी काचेवर हात आपटत असलं, तर सिनेमा समजून बघत राहू नका. त्या गाडीला आडवे व्हा.