सरांचा एकच शब्द

आमचे हे इंग्रजीचे मास्तर. सगळी गल्ली त्यांना सर म्हणते, म्हणून मीही सरच म्हणते. ‘इनफ’ हा शब्द त्यांनी बाहेरच्या खोलीत इतक्या बॅचना शिकवला, की भिंतीपलीकडे भाजी चिरता चिरता मलाही पाठ झाला. पुरेसा वेळ आहे म्हणायचं, तर इनफ आधी. खोली पुरेशी मोठी नाही म्हणायचं, तर इनफ मागून. आणि नुसतंच इनफ म्हटलं, की आता बस्स. हा शेवटचा उपयोग ते पोरांना पुस्तकातून शिकवत आणि मला प्रत्यक्ष. माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला, की पेपरमागून त्यांचा हात वर यायचा.

तर मेंदूच्या झटक्यातून सर वाचले, आणि त्यांच्या सगळ्या शब्दांतला नेमका हाच एक वाचला. काय म्हणावं याला! पाणी हवं, इनफ. पाणी नको, इनफ. उशी टोचते, पंखा लाव, नळ गळतोय, सगळ्याला इनफ. मुलगी फोनवर विचारते, “आई, आज बाबा काय म्हणाले?” मी सांगते, “काय म्हणणार? इनफ म्हणाले.” मग ती रडायला लागते आणि मला फोन ठेवता येत नाही.

त्यांना पुन्हा बोलायला शिकवायला एक थेरपिस्ट घरी येते, आमच्या मुलीहूनही लहान. पहिल्याच दिवशी तिने मला स्वयंपाकघरात नेऊन स्पष्ट सांगितलं होतं, की लवकर दुसरा शब्द आला तर त्याच्यामागून आणखी येतील, नाहीतर फार आशा धरू नका. तेव्हापासून मी हात धुऊन त्यांच्या मागे लागले. चमचा नाचवायची. “म्हणा, चमचा. च. चहाचा च. अहो, एवढी इंग्रजी शिकवलीत, चमचा म्हणता येईना?” ते माझ्याकडे बघायचे आणि म्हणायचे, “इनफ.” माझ्या नाकी नऊ आले.

परवा थेरपिस्टने हा तमाशा पाहिला.

“काकू,” ती म्हणाली, “सर तोंड उघडेपर्यंत तुम्हीच उत्तर देऊन मोकळ्या होता. जरा गप्प बसा ना. वेळ द्या त्यांना.”

मी गप्प बसू! जन्मभर एकाने हात वर केला, आता ही कालची पोर मला शहाणपण शिकवणार. माझं डोकंच फिरलं. दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी तोंडात मिठाची गुळणी धरली. चहा पुढे ठेवला, गप्प. नॅपकिन गळ्याशी बांधला, गप्प. त्यांना वेळबीळ द्यायला नाही हो, चक्क रागाने. मनात म्हटलं, घ्या, झालं ना तुमच्या मनासारखं?

दुपारी सूप भरवायला बसले, तर सर तोंडच उघडेनात.

“इनफ,” ते म्हणाले. मी वाडगा बाजूला सरकवला.

“इनफ!” मी उठून पंखा बंद केला.

त्यावर ते असे चिडले, की चालत्या हाताने टेबलावर थाप मारली. सूप सांडलं. मी फडकं आणून ओठ मिटून पुसायला लागले, तेवढ्यात त्यांनी माझं मनगट धरलं. चेहरा लाल, मानेच्या शिरा ताठ. ओठ मिटत होते, उघडत होते, नुसती हवा बाहेर येत होती. पाणी का? दुखतंय का? खिडकी लावू का? सगळे प्रश्न माझ्या ओठांपर्यंत आले. मी ते कसेबसे गिळले.

“ब,” ते म्हणाले. “ब... बोल.”

आणि माझ्या तोंडून, माझ्या, एक अक्षर फुटेना. फडक्यातलं सूप कोपरापर्यंत ओघळलं, तरी सर मनगट सोडायला तयार नव्हते. ते माझ्या तोंडाकडे बघत थांबले होते.