बुरशी दाखवणे आहे

आमच्या आईने आयुष्यात एकच गुन्हा केला. तिने भिंत पुसली. तीही तीनदा.

आम्ही परवडणाऱ्या घरांच्या योजनेतल्या सहा मजली इमारतीत राहतो. तिसरा मजला, दीड खोली, चार माणसं: आई, ताई, ताईची सहा वर्षांची मुलगी आणि मी. आतल्या खोलीत पलंगाच्या डोक्याशी भिंतीला काळी बुरशी येते आणि त्या पलंगावर भाची झोपते. तिच्या छातीतून सूर निघतो म्हणून आम्ही तिला शिट्टी म्हणतो. यंदा दोनदा तिला दवाखान्यात ठेवावं लागलं. दुसऱ्या वेळी डॉक्टरीणबाई ताईला म्हणाल्या, "औषध मी देतेय, पण त्या भिंतीचं बघा. पुढच्या थंडीत ही परत तिथेच झोपली, तर मला काळजी वाटते." डॉक्टर स्वतः काळजी करायला लागले की आपण काय करायचं, हे कुठल्याच चिठ्ठीवर लिहिलेलं नसतं.

ताईने घरांच्या कार्यालयात तक्रार केली. कार्यालयाने पाहणीला साहेब पाठवला. एकदा नाही, तीनदा. आणि तिन्ही वेळा आई पहाटे उठून ब्लीच आणि ब्रश घेऊन भिंतीवर तुटून पडली. का, तर "परका माणूस घरात येणार आणि भिंत अशी?" साहेब यायचा, पांढरीशुभ्र भिंत बघायचा आणि लिहायचा: 'घर अत्यंत स्वच्छ. बुरशी आढळली नाही.' पहिला कागद तर आईने शेजारीपाजारी दाखवून आणला. चौथ्या दिवशी बुरशी परत. सुट्टी घालवून आल्यासारखी टवटवीत.

तिसऱ्या कागदाच्या मागे नियम छापलेले होते. ते आमच्यात फक्त मी वाचले, कारण त्या दिवशी वीज गेली होती आणि मोबाइल बंद होता. एका घरात बुरशी असेल तर ती राहणाऱ्याची सवय. एकावर एक असलेल्या घरांपैकी चार घरांत असेल तर तो इमारतीचा दोष, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या सगळ्यांना कोरडं घर द्यायचं. म्हणजे एकाने वाढवली तर घाणेरडा, चौघांनी वाढवली तर हक्कदार.

"अजून तीन घरं हवीत," आई म्हणाली.

"कबूल कोण होणार?" ताई म्हणाली. "इथे लोक पायपुसणंसुद्धा पुसतात."

मी कोपऱ्यावरच्या औषधांच्या दुकानात काम करतो. दम्याचे पंप कुठल्या मजल्यावर जातात ते मला पाठ आहे. पण कोण काय औषध नेतं ते बाहेर बोलायचं नाही, हा धंद्याचा पहिला नियम.

"मी काही सांगणार नाही," मी म्हणालो.

"तुला कोण विचारतंय?" आईने माझ्यासमोर खुर्ची ओढली. "पहिला मजला?"

मी वर पंख्याकडे बघितलं.

"दुसरा?"

मी तिच्याकडे बघितलं.

"चौथा? पाचवा?"

पंखा. पंखा.

"सहावा?... बरं." आईने चपला घातल्या. "काही लपवायचं असलं की लहानपणापासून वरच बघतोस रे. पंखा तरी चालू ठेवायचास."

नियम मी पाळला. मानेने पाळला नाही.

पहिल्या मजल्यावर निवृत्त बस ड्रायव्हर आजोबा राहतात. ते म्हणाले, "मला वाटायचं माझ्या एकट्याकडेच आहे! लाजेने कपाट लावलंय तिथे." पाचव्यावर जुळ्यांच्या आईबापांनी खोकत खोकतच होकार दिला. राहिला चौथा मजला. तिथे पडदेवाल्या काकू. त्या पडदे शिवतात आणि गेली अकरा वर्षं त्यांची आणि आईची स्वच्छतेवरून चुरस आहे. काकूंच्या घरात खिडक्या दोन आणि पडदे पाच.

"आमच्याकडे तसलं काही नसतं हो," काकू दारातूनच म्हणाल्या. "तुमच्याकडे असेल."

"मग वहिनी, भिंतीवरचे तीन पडदे कशाला?" आईने विचारलं.

"हौस!" आणि दार बंद.

ताईने पुन्हा तक्रार केली आणि चौथ्या पाहणीच्या आदल्या दिवशी मी घरातलं ब्लीच, ब्रश आणि झाडून सगळी फडकी दुकानात नेऊन ठेवली. सकाळी आई टूथब्रश घेऊन भिंतीपाशी सापडली. ताईने तोही जप्त केला.

साहेबाने पहिला मजला लिहिला, पाचवा लिहिला, मग आमच्याकडे आला. जिन्यात काकू उभ्या होत्या, सहज उभ्या असल्यासारख्या.

"अरेरे," साहेब म्हणाला. "मागच्या वेळी किती छान ठेवलं होतं. घरात कोणी बघत नाही का आता?"

आई लालबुंद झाली. मला वाटलं, आता ही साडीच्या पदराने भिंत पुसते.

"काही बदललेलं नाही," आई मोठ्याने म्हणाली, जिन्यात ऐकू जाईल असं. "दर चार दिवसांनी घासते मी. अकरा वर्षं घासतेय आणि अकरा वर्षं माझं घर असंच आहे. लिहा तुम्ही." मग ती दाराकडे वळली. "वहिनी, तुम्ही जिंकलात. माझं घर घाण आहे. पण पोरीला श्वास घेता येत नाही हो."

शिट्टी पलंगावर चित्र रंगवत होती. दर श्वासाला तिचे खांदे वर जात होते. काकूंनी ते बराच वेळ पाहिलं.

"किती घरं झाली?"

"तीन," मी म्हणालो.

"चला वर."

वर जाऊन त्यांनी मधला पडदा दांडीसकट खेचला. मागे छतापासून जमिनीपर्यंत काळं. साहेबाने मोजायचा टेप काढला आणि मध्येच थांबला.

"संपला ना?" काकू म्हणाल्या. "दुसरा आणा. माझी हिच्यापेक्षा मोठी आहे."

साहेबाने लिहिलं: 'इमारतीचा दोष. कोरडी घरं द्यावीत.' आणि निघाला.

"कधी?" आई म्हणाली.

"कार्यालय कळवेल."

"बसा, चहा घ्या." काकूंनी आधण ठेवलं. ड्रायव्हर आजोबा खुर्ची घेऊन चौथ्या मजल्यावर आले आणि नेमके दारात बसले. बस सुटायला अजून वेळ आहे, असा त्यांचा चेहरा होता. दुसऱ्या कपाला साहेब म्हणाला की तारीख देणं त्याच्या हातात नाही. तिसऱ्या कपाला त्याने कार्यालयात फोन लावला. चौथा कप समोर आल्यावर त्याने पेन काढलं.

आईने कागद उजेडात धरला. थंडीच्या बऱ्याच आधीची तारीख होती.

"बरं," ती म्हणाली. "आता वेळ लिहा."

काकू परत चहा ठेवायला उठल्या.